टर्कीची पिपाणी

माझ्या वरच्या जबड्यातला एकही दात माझा स्वतःचा नाही. पंचवीस-तीस वर्षं खर्रा खाल्ला, त्याचं ते फळ. कवळी बसवली तेव्हा डॉक्टरांनी बजावलं होतं, ऊस खाऊ नका, भाजलेलं कणीस दातानं ओरबाडू नका. तोंडात पिपाणी घालून पक्षी बोलावू नका, असं काही ते बोलले नव्हते. म्हणून २०१८ सालच्या एप्रिलात मी तेही करून पाहिलं.

लेक आणि जावाई तेव्हा अमेरिकेत, मिसूरी राज्यात होते. कोलंबिया म्हणून विद्यापीठाचं गाव आहे. यांचं घर गावाबाहेर, जिथून शेतं सुरू होतात तिथं. मी आणि आमची मंडळी सोयाबीन विकून, तूर घरात टाकून मार्चच्या शेवटी गेलो. पहिला आठवडा बरा गेला. पुढं शेतकऱ्याचं जे होतं तेच माझं झालं. हाताला काम नाही, दारात ढोर नाही, रस्त्यानं जाणारा कोणी 'काय चाललं' म्हणून थांबत नाही. पहाटे चारला डोळा उघडायचा आणि सात वाजेपर्यंत छताकडे बघत पडायचं.

अशाच एका पहाटे शेजारच्या घराकडून कोंबडी ओरडल्यासारखा आवाज आला. एकदा, दोनदा, मग लागोपाठ पाच-सहा वेळा. मला वाटलं, यांच्या खुराड्यात मुंगूस शिरलं. चपला घालून कुंपणापाशी गेलो तर ओट्यावर एक म्हातारा खुर्ची टाकून बसलेला. हातात कॉफीचा मग, तोंड जवळजवळ मिटलेलं, आणि आवाज त्याच्या तोंडातून येतोय. त्यानं मला पाहिलं. दोन बोटं तोंडात घातली, टाळूवरून काहीतरी सोडवून काढलं आणि तळहातावर धरून मला दाखवलं.

घोड्याच्या नालेसारखी, पण बोटाच्या पेराएवढी चौकट. तिच्यात ताणून बसवलेला रबराचा पडदा, फुग्याच्या रबरापेक्षा पातळ. भोवती चिकटपट्टीसारखी मऊ कडा. ते लोक याला माउथ कॉल म्हणतात. मी आपला पिपाणी म्हणतो, कारण आंब्याची कोय दगडावर घासून आम्ही जी पिपाणी करत होतो, तिच्याच जातीचं हे काम आहे. वारा जातो, पातळ काहीतरी थरथरतं, आवाज निघतो.

म्हातारा सत्तरीचा. दोनशे एकर जमीन, मका आणि सोयाबीन, मागं ओकच्या झाडांचं रान. आमच्याकडे दोनशे एकरवाल्याच्या दारात माणसं उभी राहतील. तिथं तो लहान शेतकरी. त्याची इंग्रजी मला कळेना, माझी त्याला कळेना. मधे माझी नऊ वर्षांची नात. ती मला आबाजी म्हणते. शाळेतून आली की आम्ही दोघं म्हाताऱ्याच्या ओट्यावर. सोयाबीनचा भाव, खताचा भाव, बँकेचं कर्ज, सगळं तिच्या तोंडून इकडून तिकडं गेलं. कर्जाला तिकडंही कर्जच म्हणतात, हे तिनं मला फार गंभीर होऊन सांगितलं.

टर्की म्हणजे मोठा रानपक्षी, आपल्या मोराच्या नात्यातला. मिसूरीत बेसुमार शिकारीनं आणि जंगलतोडीनं तो संपत आला होता. मग सरकारनं उरलेले पक्षी जाळ्यात धरून दुसऱ्या रानांत नेऊन सोडले, वाढू दिले, आणि १९६० साली वसंतातली शिकार पुन्हा सुरू केली. म्हणजे मी जन्मलो त्या साली. २०१८ साली नियम असे होते: परवाना काढायचा, ठरलेले तीन आठवडे, तेही सकाळी सूर्य उगवायच्या अर्धा तास आधीपासून दुपारी एकपर्यंत, नर किंवा दाढी असलेला पक्षीच मारायचा, हंगामात दोनच. पक्षी मारला की त्याच दिवशी खात्याला कळवायचं.

या शिकारीची खरी गोम वेगळीच. वसंतात नर ओरडतो आणि मादी त्याच्याकडे जाते, ही निसर्गाची रीत. शिकारी मादीचा आवाज काढतो आणि नरानं आपल्याकडे यावं म्हणतो. म्हणजे उलटी गंगा. नर अर्ध्या वाटेत थांबतो, पिसारा फुलवून उभा राहतो, आता तू ये म्हणतो. टर्कीची नजर फार तिखट. हात हलला की पक्षी गेला. लाकडी पेटीची कॉल असते, पाटीवर काडी घासायची असते, पण त्यांना हात लागतात. तोंडातल्या पिपाणीला हात लागत नाहीत. हात बंदुकीवर राहतात. म्हणून ती कठीण असली तरी सगळ्यांना तीच हवी असते.

म्हाताऱ्याला माझा नाद कळला असावा. एका शनिवारी त्यानं मला आणि नातीला गाडीत घालून गावातल्या शिकारीच्या दुकानात नेलं. एक अख्खी भिंत नुसत्या पिपाण्यांची. पाकिटांवर पिसारा फुलवलेले नर, वीज कडाडतेय, नावं एकापेक्षा एक भयंकर. सात-आठ डॉलरला एक, म्हणजे आपले पाचशे रुपये. मी सर्वांत भडक पाकीट उचललं. म्हाताऱ्यानं ते माझ्या हातातून काढून परत टांगलं. बियाण्याच्या दुकानात पिशवीवरचं कणीस पाहून बियाणं घेणारा शेतकरी मी नाही, पण तिथं अगदी तसाच वागलो.

त्याचं सांगणं असं की आधी टाळू बघायची, मग पिपाणी. टाळू माणसागणिक वेगळी. कोणाची अरुंद आणि खोल, कोणाची रुंद आणि सपाट. चौकट रुंद पडली तर कडेनं मुडपते, अरुंद पडली तर बाजूनं वारा निसटतो, आणि वारा निसटला की पडदा थरथरत नाही, नुसता फुस्स आवाज येतो. कडेची पट्टी कात्रीनं थोडी थोडी कापून माप बसवता येतं; एकदम जास्त कापली तर पिपाणी वाया. चौकट बोटांनी हलकी वाकवून टाळूसारखी कमानदार करायची. पुष्कळ लोक दुकानातून आणतात, तशीच तोंडात घालतात आणि पिपाणी वाईट म्हणून फेकून देतात. "पिपाणी वाईट नसते, बसलेली नसते," असं तो म्हणाल्याचं नातीनं सांगितलं.

मग पडद्यांची गोष्ट. एक पडद्याची असते, दोन, तीन, चारही. मला वाटलं पडदे जास्त तेवढा माल भारी. तसं नाही. एका पडद्याला वारा थोडा लागतो, आवाज कोवळा आणि स्वच्छ निघतो, जवळ आलेल्या पक्ष्याला तो पुरतो. पडदे वाढले की आवाज घोगरा होतो, म्हाताऱ्या मादीसारखा, लांब जातो, पण छातीतला वारा खातो. घोगरेपणासाठी वरच्या पडद्याला काप देतात. कोणी इंग्रजी व्ही अक्षरासारखा, कोणी दोन बाजूंना वटवाघळाच्या पंखासारखा, कोणी एका कोपऱ्यात जरासा. कापलेली चिंधी वेगळी फडफडते, त्यानं खरखर येते. शिकणाऱ्यानं दोन पडद्यांची, थोड्या कापाची घ्यावी. तिच्यातून कोवळं आणि घोगरं दोन्ही काढता येतं. म्हाताऱ्याच्या स्वतःच्या डब्यात अशा सहा होत्या. प्रत्येकीच्या पडद्यांमधे चपटी दातकोरणी घातलेली, म्हणजे पडदे एकमेकांना चिकटत नाहीत. वापरली की धुवायची, आणि डबा फ्रिजमधे ठेवायचा. उन्हात ठेवली की रबर मेलं. त्याच्या फ्रिजमधे लोणी, अंडी आणि पिपाण्या एका फळीवर होत्या.

माझी अडचण निराळीच होती. माझी टाळू म्हणजे प्लास्टिक. कवळीचा वरचा भाग टाळूभर पसरलेला, गुळगुळीत. त्यावर पिपाणी बसवली, जिभेनं दाबली, वारा सोडला, की पिपाणी सरकून घशाकडे आणि कवळी सुटून ओठाकडे. दुकानातच मला असा ठसका लागला की काउंटरवरची बाई पाणी घेऊन धावली. नातीला लाज वाटली. म्हातारा मात्र विचारात पडला. त्यानं लहान मुलांच्या मापाची एक पिपाणी शोधून काढली. चौकट बारीक, दोन पडदे. पैसे मला देऊ दिले नाहीत. घरी आल्यावर ओट्यावर बसून दोरा-दोरा कडा कापली, कमान वाढवली, पुन्हा पुन्हा माझ्या तोंडात घालून बघायला लावली. शेवटी अक्कल मलाच सुचली. कवळी चिकटवायची जी पेस्ट असते, ती सकाळी ताजी लावायची आणि अर्ध्या तासात सराव उरकायचा. तेवढ्या वेळात कवळी हलत नाही.

पहिले दोन दिवस नुसती फुसफुस. मग जिभेचा दाब सापडला. आधी उंच, मग घसरता, 'की-याक, की-याक', ही मादीची हाक. नुसता तुटक 'टक' म्हणजे, मी इथं आहे, चरतेय. घशात पाणी खेळवल्यासारखी घुरघुर म्हणजे समाधान. पण तोच 'टक' जरा जोरात, करकरीत झाला की त्याचा अर्थ, पळा. टर्कीच्या भाषेत 'मी आहे' आणि 'पळा' यांच्यामधे एवढंच अंतर. म्हाताऱ्यानं माझा 'टक' ऐकून तीनदा मान हलवली. आमची मंडळी वरून म्हणाली, "घरात कोंबडं शिरल्यावानी करता, लेकीच्या घरी तरी माणसासारखं राहा."

पाचव्या दिवशी मला बऱ्यापैकी यायला लागलं. म्हाताऱ्याला नवल वाटलं. त्याला स्वतःला एक वर्ष लागलं होतं. त्यानं नातीला विचारायला सांगितलं, याआधी कधी शिकला होता का. मी नाही म्हणालो. ते खोटं होतं.

आमचं गाव आज वाशीम जिल्ह्यात येतं, तेव्हा अकोल्यात होतं. गावापासून दीड कोसावर फासेपारध्यांचा बेडा होता. पाच-सात झोपड्या. त्यातला एक तितरं धरण्यात नावाजलेला. आम्ही पोरं त्याला पारधीमामा म्हणायचो. त्याच्याकडे बांबूच्या पिंजऱ्यात पाळलेला एक तितर होता, वर फडकं झाकलेलं. पण मामाला पिंजऱ्यातल्या तितराची गरज नव्हती. पडीक वावरात, धुऱ्याच्या कडेनं तो फाशांची ओळ लावायचा, मेखा मातीत दाबायचा, बोराटीआड बसायचा आणि तोंडानं तितर बोलवायचा. तोंडात काही नाही. ना पान, ना कोय. जीभ टाळूला, वारा पुढच्या दातांच्या फटीतून, आणि तळहाताची ओंजळ तोंडापुढं कमी-जास्त. समोरच्या धुऱ्यावरून खरा तितर उत्तर द्यायचा. टर्कीचा नर मादीच्या ओढीनं येतो; तितर रागानं येतो. माझ्या वावरात दुसरा कोण ओरडतो, म्हणून भांडायला धावत येतो आणि फाशात पाय घालतो.

मी आठवीत होतो. घरून सक्त ताकीद, बेड्याकडे फिरकायचं नाही. आमचा बाप तापट. तरी मी पहाटे ढोरांना वैरण टाकायच्या निमित्तानं उठायचो आणि तसाच मामाकडे जायचो. त्यानंच मला जीभ कुठं लावायची ते शिकवलं. "दोनदा बलाव अन् चूप राय," तो म्हणायचा. "जो घडीघडी बलावते, त्याच्यावर पाखराचा इस्वास नाई रायत." मला चार महिन्यांत तितराचा आवाज यायला लागला. एकदा माझ्या हाकेवर तितर आला तेव्हा मामानं माझ्या पाठीवर थाप मारली होती. बापानं तशी कधी मारली नव्हती.

त्या काळी वन्यजीवांचा कायदा नुकताच झाला होता, १९७२ चा. परवान्याशिवाय तितर धरणं गुन्हा झालं होतं, हे बेड्यावर कोणी जाऊन सांगितलं नव्हतं. कायदा योग्यच, आज मी स्वतः माझ्या धुऱ्यावर कोणाला फासा लावू देत नाही. पण ज्यांच्या पोटावर तो आला त्यांच्या हाती दुसरं काय दिलं, हे कोणी विचारलं नाही. आणि त्यांच्या मागं जुना डाग होताच. इंग्रजांनी १८७१ साली काही जमातींना जन्मानंच गुन्हेगार ठरवणारा कायदा केला. पारध्यांनाही त्यानं गुन्हेगार ठरवलं. तो १९५२ साली गेला. कागदावरून गेला. गावाच्या डोक्यातून गेला नाही.

१९७४ चा उन्हाळा. दुष्काळ नुकताच सरला होता, घराघरात भांडी गहाण पडलेली. गावातल्या एका मोठ्या घरी पहाटेच्या वेळी भिंत फोडून चोरी झाली. घरच्या म्हातारीला जाग आली होती, चांदणी वर आली तेव्हा खडखडाट ऐकला, असं तिनं सांगितलं. दिवस उगवल्यावर पोलीस आले ते आधी बेड्यावर गेले. पारधीमामाला आणि आणखी दोघांना पारावर आणून बसवलं. सगळा गाव जमला. मी बापाच्या मागं उभा.

चांदणी वर आली तेव्हा मामा कुठं होता हे मला ठाऊक होतं. तो माझ्याजवळ होता. आम्ही दोघं पडीक वावरात बोराटीआड बसलो होतो, गावापासून दीड कोसावर.

पोलिसानं विचारलं, "पहाटे कुठं होता?"

"शिवारात. तितराले."

"संगं कोण होतं?"

मामानं मान वर केली. गर्दीवरून नजर फिरवली. माझ्यावर आली, थांबली नाही, पुढं गेली.

"एकटाच होतो, साहेब."

मी काही बोललो नाही. बाप मारील ही भीती होती. आज वाटतं, ती तेवढीच नव्हती. पारध्यासंगं बसतो हे गावापुढं निघेल, ही लाजही होती. चौदा वर्षांच्या पोराला तेवढी कळत होती.

मामा तीन आठवड्यांनी परत आला. एक पाय ओढत होता. वरचे पुढचे चार दात नव्हते. मी लपूनछपून त्याला भेटायला गेलो. तो झोपडीपुढं बसून फासे सोडवत होता. मला बघून बस म्हणाला. मग सवयीनं त्यानं ओंजळ तोंडापुढं नेली आणि हाक काढायला गेला. वारा निघून गेला. नुसता फुस्स. त्यानं पुन्हा केलं. पुन्हा तेच. मग ओंजळ खाली घेतली आणि फाशाची गाठ सोडवायला लागला. पावसाळ्याआधी बेडा उठला. चोरीचा उलगडा पुढं कधी झाला नाही, आणि झाला असता तरी त्यानं दात आले नसते.

मी पुढं दहावी केली, शेती केली, लग्न केलं, खर्रा धरला. तितराची हाक पुन्हा काढली नाही.

हंगामाच्या पहिल्या आठवड्यात म्हातारा मला सोबत घेऊन गेला. परवाना त्याचा, माझा नाही, म्हणून आधीच बजावलं, तोंडात पिपाणी घालायची नाही, मी फक्त बसायचं. अंगात त्याचाच जुना चट्ट्यापट्ट्याचा कोट. लाल, पांढरा, निळा, यांतला एक धागाही अंगावर नको, कारण नराच्या डोक्याचे रंग तेच. दुसरा शिकारी चुकून गोळी घालायचा. आपल्या खांद्यापेक्षा रुंद ओकला पाठ लावून बसायचं, म्हणजे मागून कोणी नेम धरला तरी खोड आडवं येतं. पुढं प्लास्टिकची मादी मांडली. अंधार. गारठा असा की कवळी वाजायला लागली, म्हणून दात आवळून बसलो.

उजाडायच्या आत म्हाताऱ्यानं नुसत्या तोंडानं घुबडाचा आवाज काढला. घुबडाच्या आवाजावर झाडावर बसलेला नर चिडून ओरडतो, म्हणजे तो कुठं आहे ते कळतं. नाल्यापलीकडून लगेच उत्तर आलं. गडगड कोसळल्यासारखं. माझ्या अंगावर काटा आला. थोड्या वेळानं जड पंखांची फडफड. झाडावरून खाली उतरला. म्हाताऱ्यानं पिपाणीवर तीन हाका दिल्या, कोवळ्या. नर ओरडला, जवळ आला, पुन्हा ओरडला आणि चढामागं थांबला. दिसेना.

आता बोलावणार, आता बोलावणार, म्हणून मी वाट पाहत होतो. म्हाताऱ्यानं बोलावलंच नाही. माझ्या घड्याळात पाऊण तास. नर चढामागं ओरडतोय, ये ये म्हणतोय, आणि म्हातारा गप्प. माझी जीभ तोंडात आपोआप टाळूला लागली. दोनदा बलाव अन् चूप राय. चव्वेचाळीस वर्षांनी, सात समुद्रापलीकडे, दुसऱ्याच माणसाकडून मी तेच शिकत होतो.

नर शेवटी न ओरडता आला. आधी डोकं, लाल-निळं, मग छाती, छातीवर लोंबणारी दाढी. तीस पावलांवर बंदूक वाजली. उचलून पाहिला, नऊ किलोच्या आसपास. म्हाताऱ्यानं टोपी काढली आणि थोडा वेळ त्या पक्ष्याच्या पिसांवरून हात फिरवला. मला पारधीमामाचा हात आठवला. तोही फाशातून तितर सोडवताना आधी पिसं नीट करायचा.

दुपारी ओट्यावर पिसं काढायला बसलो तेव्हा त्यानं पुन्हा विचारलं, कोणाकडून शिकलास. पाच दिवसांत कोणाला येत नाही, हे त्याच्या डोक्यातून गेलेलं नव्हतं. नात मधे होती. तिला म्हटलं, आईला बोलाव. लेक आली. मी तिला सगळं मराठीत सांगितलं आणि ती त्याला इंग्रजीत सांगत गेली. तिनंही ते पहिल्यांदाच ऐकलं. 'एकटाच होतो, साहेब' इथं आल्यावर ती थांबली. पुढचं तिनं सांगितलं की नाही मला माहीत नाही, पण म्हाताऱ्याला कळलं. तो पिसं काढत राहिला. मग एवढंच म्हणाला, त्याचं कोणी आहे का अजून?

जूनच्या शेवटी आम्ही परत आलो. पेरणी झाली, डवरणी झाली, सोयाबीन घरात आलं. पिपाणी फ्रिजमधे होती, विरजणाच्या भांड्याशेजारी. दिवाळीनंतर मी चौकशी सुरू केली. चार ठिकाणी फिरलो. शेवटी कारंज्याकडच्या एका बेड्यावर मामाची लेक सापडली. माझ्याहून वर्ष-दोन वर्षांनी मोठी असेल. मामाला जाऊन तीस वर्षं झाली होती. पोरं मजुरीला गेलेली, नातू शाळेत. तिनं बाज टाकली, पाणी दिलं.

मी नाव सांगितलं, गाव सांगितलं. मग पारावरचं सांगितलं. सांगायला पाच मिनिटंही लागली नाहीत. एवढं लहान होतं ते.

ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, "तं ते पोट्टं तुमी होय. बा सांगे आमाले. पोट्टं होतं एक संगं, त्याचं नाव घेतलं असतं तं त्याच्या बापानं त्याले जित्तं ठेवलं नसतं."

मी मान खाली घातली.

"पण तुमी काऊन नाई बोलले?"

तिनं रागानं नाही विचारलं. खरंच विचारलं. मी बापाचं नाव सांगायला तोंड उघडलं, आणि मिटलं. बराच वेळ आम्ही दोघं तसेच बसलो. दारात शेळी बांधलेली होती, ती दोरी ओढत होती.

मग तिनं माझ्या हातातल्या डबीकडे बोट दाखवलं. मी पिपाणी काढून दिली, कशी बसवायची सांगितलं. तिचे दात अजून होते. तिनं ती उलटीसुलटी पाहिली, वास घेतला, तोंडात घातली, फुंकली, ठसकली आणि हातावर काढून हसायला लागली. मग पिपाणी बाजूला ठेवून तिनं ओंजळ तोंडापुढं नेली. जीभ टाळूला लावली. हाक निघाली. अगदी मामाची. शेळीनं कान टवकारले. बेड्याच्या मागच्या बरडावरून एका तितरानं उत्तर दिलं.

"ह्या रबरानं तितर नाई येत," ती पिपाणी परत देत म्हणाली. "मोर येईन एखांदा. पोरीले खेळाले द्या."